डबा नाही, तर चिठ्ठी तरी

गोणपाटात गुंडाळून, मोटारसायकलच्या कॅरिअरला सुतळीने आवळून संगणकाचं एक कॅबिनेट परवा माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आलं. आणणारे आबा आमच्या लोणखेड्याचेच, पपईवाले. नात बारावी झाली, सुटीत तिला घरी काही शिकता यावं म्हणून त्यांनी कुणा ओळखीच्याकडून हा जुना संगणक घेतला होता. झाकण उघडलं तर पंख्यावर पाचट जाळल्यावर उडते तशी काळी राख बसलेली. बोर्ड जी-३१ चा, प्रोसेसर कोअर टू ड्युओ, म्हणजे २००८ च्या आगेमागे घेतलेला माल. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर घासला, बोर्डावरचा मेलेला सेल बदलला आणि बटण दाबलं. एक बारीक बीप. आमच्या धंद्यात या एका बीपइतका गोड आवाज दुसरा नाही. रॅम सापडली, डिस्प्ले सापडला, पुढे जायला हरकत नाही, एवढा निरोप त्यात असतो.

‘झाला का?’ आबांनी विचारलं.

‘जीव आहे आबा त्याच्यात. आता सिस्टीम टाकू.’

एका मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची ताजी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती, ती लावली. पडदा काळा झाला, वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकू लागली आणि लुकलुकतच राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पोर्ट बदलून पाहिलं, पेनड्राइव्ह बदलून पाहिला. तोच पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला तर अर्ध्या मिनिटात सुरू. तेव्हा डोक्यात उजेड पडला आणि आवृत्तीसोबतची माहिती उघडून वाचली. एकच ओळ होती: जुन्या पद्धतीच्या बूटचा पाठिंबा या आवृत्तीपासून बंद.

संगणकात बिघाड नव्हता आणि पेनड्राइव्हही चांगला होता. दोघांनी भेटायची एक जागा पूर्वी ठरलेली होती. एकाने ती बदलली आणि दुसरा जुन्या जागी ताटकळत उभा होता. ही जागा ठरवली कुणी, ती इतकी वर्षं टिकली कशी आणि आता ती मोडीत का निघते आहे, ते आबांना दोन वाक्यांत सांगणं मला जमलं नाही. म्हणून हे सविस्तर.

पाण्यासाठी पाणी

आमच्या भागात हा प्रश्न समजवायला विहिरीवरचा पंप पुरतो. काठावर बसवलेला मोनोब्लॉक पंप पाणी ओढतो खरा, पण त्याच्या पोटात आधी पाणी असेल तरच. फुटव्हॉल गळका असला की रात्रीतून पाइपातलं पाणी उतरतं, पंप हवा धरतो आणि सकाळी मोटार नुसतीच घुमते. मग बादलीने त्याच्यात पाणी ओतायचं, हवा काढायची, तेव्हा कुठे धार सुरू होते. पाणी वर आणायचं तर थोडं पाणी आधीच वर हवं.

संगणकाचं दुखणं हेच. डिस्कवरचा प्रोग्रॅम मेमरीत आणायचा, तर तो आणणारा प्रोग्रॅम आधी मेमरीत हवा. आणि आजची मेमरी तर वीज गेली की कोरी होते. मग पहिल्या प्रोग्रॅमला कोण आणणार? इंग्रजीत या कसरतीला बूटस्ट्रॅप म्हणतात: आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला उचलणं. ‘बूट होत नाही’ हा आमचा रोजचा शब्द त्याचंच शेपूट. आपल्याकडच्या शास्त्री मंडळींचा दृष्टांत याहून नेमका आहे: नट कितीही तरबेज असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. संगणक चढतो असं वाटतं, पण पहिली बादली बाहेरून कुणीतरी ओतलेली असते. बूट करण्याच्या पद्धती बदलत गेल्या म्हणजे ही बादली ओतणारा बदलत गेला.

सुरुवातीला ओतणारा माणूसच होता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये रीतसर कामाला लागला. ‘टिफ्रॅक’ हे नाव त्याला १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी दिलं. ४० बिटांचे २,०४८ शब्द एवढी त्याची मेमरी, म्हणजे आजच्या हिशोबाने १० केबी. काम भरवलं जाई ते छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवरून. तिकडे अमेरिकेत आयबीएमच्या १९५२ च्या ७०१ या यंत्रावर ‘लोड’ नावाचं बटण आलं होतं. ते दाबलं की यंत्र पहिला घास आपला आपण घेई आणि त्या घासात पुढचा घास कसा घ्यायचा ते लिहिलेलं असे. तरीही कितीतरी वर्षं छोट्या यंत्रांना ही सोय नव्हती. १९७५ चा अल्टेअर ८८०० घ्या. त्याच्या दर्शनी पाटीवर छोट्या दांड्यांची रांग होती. दांड्या वर-खाली करून एक बाइट ठरवायचा, तो मेमरीत ढकलायचा, मग पुढचा. फितीवरून वाचायला शिकवणारा चिमुकला प्रोग्रॅम असा हाताने भरायचा. मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्या दांडीपासून. बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलेल्या आमच्यासारख्यांना त्या माणसाचं दुःख वेगळं सांगायला नको.

एसटीने येणारा डबा

माणसाच्या हातची बादली काढून घेतली ती रॉमने. वीज गेली तरी न पुसणाऱ्या या चिपमध्ये पहिला प्रोग्रॅम कारखान्यातच कायमचा लिहून ठेवायचा, म्हणजे फुटव्हॉल न गळणारा पंप. गॅरी किल्डॉल यांनी आपल्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये यंत्राशी थेट बोलणाऱ्या भागाला ‘बायॉस’ म्हटलं होतं. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने पीसी बाजारात आणला तेव्हा त्या नावाचा प्रोग्रॅम ८ केबी एवढ्या जागेत रॉममध्ये बसवलेला होता.

बायॉसचं काम समजायला एसटीचा डबा आठवावा. तालुक्याला शिकणाऱ्या पोराला गावाकडून आई सकाळच्या गाडीने डबा पाठवते. कंडक्टर पोराला ओळखत नाही आणि पोराला कंडक्टरचं नाव माहीत नसतं. ठरलेलं असतं ते एवढंच: अमुक गाडी, अमुक फलाट, ड्रायव्हरच्या मागची जागा. तेवढ्यावर वर्षानुवर्षं पोरं जेवली. बायॉस आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातलं ठरलेलं असंच होतं. बायॉसने डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, उचलायचे. शेवटच्या दोन बाइटांत ठरावीक खूण आहे का बघायची. ती बिटांत मांडली तर एकाआड एक शून्य आणि एक अशी नक्षी दिसते. खूण जुळली की हे ५१२ बाइट मेमरीत ३१,७४४ क्रमांकाच्या घरापाशी ठेवायचे आणि ‘आता तू सांभाळ’ म्हणून बाजूला व्हायचं.

३१,७४४ हाच आकडा का? आयबीएमच्या मंडळींनी धरलं होतं की डॉस या त्यांच्या पीसीवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला किमान ३२ केबी मेमरी लागेल. खालची जागा सिस्टीमला मोकळी राहावी म्हणून हा पाहुणा त्यांनी वरच्या टोकाला, शेवटच्या एका केबीत बसवला. ३१ केबी म्हणजे ३१,७४४ बाइट. १९८१ सालच्या मेमरीच्या टंचाईतून निघालेला हा आकडा. आबांच्या संगणकात दोन जीबी रॅम होती, म्हणजे त्या ३२ केबीच्या पासष्ट हजार पट, आणि तरी त्याचा बायॉस परवासुद्धा डबा ३१,७४४ लाच ठेवत होता.

ही कराराची गोष्ट नुसती तांत्रिक नाही. आमच्याकडे संगणक आला तो तिच्यामुळे. आयबीएमचा बायॉस नकलण्याला कायद्याची आडकाठी होती. कॉम्पॅकने त्यातली एक ओळही न उचलता, बाहेरून दिसणारं वागणं तेवढं तंतोतंत तसंच ठेवून आपला बायॉस लिहिला. १९८४ पासून फिनिक्स कंपनी असा बायॉस कुणालाही विकू लागली. मग बोर्ड एकाचा, डिस्क दुसऱ्याची, प्रोसेसर तिसऱ्याचा, तरी सगळे एकाच फलाटावर भेटणार, अशी सोय झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेला ‘असेंबल्ड’ पीसी या सोयीवर उभा राहिला. एमकेसीएलची २००१ मध्ये स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी या तिच्या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यात निघाले, तेव्हा गल्लीतल्या अनेक केंद्रांत हेच बिननावाचे पांढरे डबे होते. सकाळी एकेकाचं बटण दाबत जायचं आणि बीप मोजायचे, ही त्या काळच्या सरांची आरतीच.

पाचशे बारा बाइटांचं जग

या एवढ्याशा सेक्टरवर मग किती ओझी चढली पाहा. १९८३ मध्ये हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणि त्याबरोबर डॉसची दुसरी आवृत्ती आली. डिस्कचे वाटे पाडायची सोय हवी होती. तीही त्याच ५१२ बाइटांत बसवली: ४४६ बाइट प्रोग्रॅमला, ६४ बाइट चार वाट्यांच्या नोंदीला, दोन बाइट खुणेला. सातबाऱ्याच्या एकाच कागदावर घरातल्या चार भावांच्या नावांपुरती जागा असावी, तसं. पाचवा वाटा हवा असेल तर चौथ्याच्या पोटात काढा.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून राहिली की ‘नॉन-सिस्टम डिस्क ऑर डिस्क एरर’ अशी ओळ उमटायची. वापरणाऱ्यांना वाटे की संगणक बोलतोय. खरं तर बोलत होती ती फ्लॉपी. ती ओळ आणि ती छापणारा प्रोग्रॅम दोन्ही तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये लिहिलेलं असे. सिस्टीम नसलेली फ्लॉपीसुद्धा ठरल्या जागी डब्याऐवजी चिठ्ठी ठेवून जाई. ही गोष्ट लक्षात असू द्या, शेवटी कामाला येईल.

डबा न उघडता पुढे द्यायचा, हा कंडक्टरचा चांगुलपणा. पण त्यात कुणी काही मिसळलं तर? १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या याच सेक्टरमध्ये जाऊन बसला. सिस्टीम जागी होण्याआधीच तो जागा होई आणि मग त्याला पकडणार कोण? पुढे ६ मार्च १९९२ या तारखेला ‘मायकेलअँजेलो’ विषाणू डिस्क पुसणार म्हणून जगभर धास्ती पसरली. तोही इथलाच रहिवासी. बायॉसला खूण तेवढी कळत होती. आत काय आहे हे विचारण्याची पद्धतच करारात नव्हती.

लिनक्सवाल्यांनी या सेक्टरशी वेगळे खेळ केले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपल्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्स सिस्टीमच्या गाभ्याच्या, तोंडालाच असा एक सेक्टर जोडला होता. कर्नल सरळ फ्लॉपीवर उतरवा आणि बूट करा, मधला दलाल नको. हार्ड डिस्कसाठी १९९२ पासून ‘लिलो’ हा बूट लोडर, म्हणजे कर्नल उचलून आणणारा प्रोग्रॅम, वापरात आला. तो सुरू होताना आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरं एकेक करून पडद्यावर टाकी. पहिली दोनच उमटून गाडी थांबली तर समजायचं की दुसरा टप्पा डिस्कवरून आला, पण चालू झाला नाही. वैद्य नाडीवरून ताडतो तशी माणसं अक्षरं मोजून दुखणं ओळखत. लिलोला फाइल वगैरे काही कळत नसे. कर्नल डिस्कच्या कोणत्या घरांत आहे त्याची यादी तेवढी तो बाळगी. कर्नल बदलला आणि यादी नव्याने करायला विसरलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काळा पडदा. त्याच्यानंतरच्या ‘ग्रब’ला फाइल शोधता येऊ लागली. १९९५ मध्ये सीडीवरून बूट करण्याचं प्रमाण ठरलं. त्याचं नाव ‘एल टोरिटो’. ते एका उपाहारगृहाचं नाव असून या प्रमाणाची आखणी तिथे जेवताना झाली, असं म्हणतात. सीडीलाही फ्लॉपीचं सोंग घेऊन बायॉसपुढे उभं राहता येत होतं. नव्या वस्तूने जुन्याचं सोंग घ्यायचं आणि दार उघडून घ्यायचं, ही रीत तेव्हापासून रुळली.

एक गोष्ट मात्र या जगात कधीच आली नाही: आपली लिपी. बायॉसच्या पडद्यावरची अक्षरं डिस्प्लेच्या रॉममध्ये कोरलेली असत, एकूण २५६. त्यांत देवनागरीला जागा नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बोर्डाच्या खाचेत बसवलं की डॉसमध्ये मराठी दिसे, पण त्यासाठी वेगळं कार्ड विकत घ्यावं लागे. यंत्र जागं होतानाचे पहिले शब्द इंग्रजीच राहिले.

भिंती, आणि नवा दरवाजा

जुनं घर नवीन माणसांना अपुरं पडत गेलं. डिस्क ५०४ एमबीच्या पुढे गेल्या तेव्हा बायॉसला पुढचं दिसेना. तिथे ठिगळ लावलं. मग ८ जीबीच्या सुमारास दुसरी भिंत आली, तिथेही लावलं. वाट्यांच्या नोंदीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहायचा होता, म्हणून २ टीबीच्या पुढची डिस्क त्या कागदावर मांडताच येईना. ही भिंत ठिगळाने फुटण्यासारखी नव्हती.

इंटेलने इटानियम या प्रोसेसरसाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस नवं घर बांधायला घेतलं. ईएफआय म्हणतात ते हेच. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून संघटना केली आणि त्याचं नाव यूईएफआय झालं. यात ५१२ बाइटांची कोंडी नाही. बोर्डावरचा प्रोग्रॅम स्वतःच डिस्कवरचं एक फोल्डर उघडतो आणि ठरलेल्या नावाची फाइल शोधून चालवतो. वाटे चारऐवजी १२८ सुद्धा पाडता येतात. त्याच्या मजकुराला १६ बिटांची अक्षरं असल्याने देवनागरीलाही कागदोपत्री दार उघडं आहे, फक्त मराठीत बोलणारा बूटचा पडदा मी अजून पाहिलेला नाही. २०११ च्या सुमारास त्यात ‘सिक्युअर बूट’ आलं: डब्यावर ओळखीची सही असेल तरच आत घ्यायचा. लाहोरच्या भावांना मिळालेलं ते उत्तर, पंचवीस वर्षांनी. बहुतेक यंत्रांमध्ये ही सही तपासायची किल्ली मायक्रोसॉफ्टची असते, त्यामुळे लिनक्सवाल्यांनाही एक छोटा मधला प्रोग्रॅम त्यांच्याकडून सही करून घ्यावा लागतो. सुरक्षिततेबरोबर परवानगी मागणंही आलं.

आणि जुनी पद्धत? ती लगेच गेली नाही. नव्या बोर्डांमध्ये सीएसएम नावाचा भाग ठेवला गेला. त्याचं काम एकच, यूईएफआयच्या पोटात बसून बायॉसचं सोंग वठवायचं. सेटअपमध्ये ‘लिगसी’ असा पर्याय दिसतो तो हाच. पुढची दहा-एक वर्षं आम्ही दुरुस्तीवाले या एका पर्यायावर जगलो. बूट होत नाही? लिगसी करून बघ. तरी होत नाही? यूईएफआय करून बघ.

बंद करणाऱ्यांची बाजू

सोंग वठवण्यालाही खर्च असतो. २०१७ मध्ये इंटेलने सांगितलं की २०२० पर्यंत आपण सीएसएम काढून टाकू. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली ती यूईएफआयची अट घेऊनच. बायॉसवर चालू शकणाऱ्या विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

लिनक्सच्या जगात हे भांडण उघड्यावर झालं. २०२२ च्या एप्रिलमध्ये फेडोरा या लिनक्स सिस्टीमच्या ३७ व्या आवृत्तीसाठी प्रस्ताव आला की नवीन यंत्रांवर बायॉस पद्धतीने बसवण्याचा पाठिंबा थांबवण्याच्या दिशेने जावं. मांडणाऱ्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. दोन वाटा म्हणजे दुप्पट चाचणी. जुन्या वाटेची डागडुजी करणारे हात मोजके, आणि ती वाट मोडली की रात्री उठायचं त्यांनीच. विरोध करणाऱ्यांचंही खरं होतं. चालती यंत्रं घराघरात पडून आहेत, आणि भाड्याने मिळणारे कितीतरी आभासी सर्व्हर तेव्हा बायॉस पद्धतीनेच उठत होते. शेवटी प्रस्ताव मंजूर झाला नाही. जुनी वाट ज्यांना हवी त्यांनी तिची राखण करायला गट करून पुढे यावं, असा तोडगा निघाला. मला त्यातली गावकी आवडली. पाटचारी बुजवू नका म्हणता ना, मग गाळ काढायला कोण येतो ते सांगा.

एवढं होऊनही मुळातलं जुनेपण गेलेलं नाही. आज दुकानातून नवाकोरा आणलेला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर वीज मिळताच पहिला क्षण १९७८ च्या ८०८६ सारखा, १६ बिटांत जागा होतो आणि मग पायऱ्या चढून ६४ बिटांवर येतो. ही पायरीच काढून टाकावी असा विचार इंटेलने २०२३ च्या मे महिन्यात ‘एक्स ८६ एस’ या नावाने मांडला. डिसेंबर २०२४ मध्ये तो सोडून दिला. पंपाचं तोंड बदललं, पाइप बदलला, पण विहिरीतलं पहिलं कडं तेच.

उशिरा येतं, आधी जातं

आता लोणखेड्यातून बघू. पुण्याच्या किंवा सुरतेच्या कचेरीत संगणक चार-पाच वर्षं चालतो, मग लॉटमध्ये विकला जातो. तो जुन्या मालाच्या दुकानात येतो, तिथून शाळेत किंवा झेरॉक्सवाल्याकडे, आणि तिसऱ्या-चौथ्या हाताला आबांच्या मोटारसायकलवर. पाठिंबा बंद होण्याची तारीख सगळ्या जगाला एकच असते. यंत्राची तारीख मात्र प्रत्येक गावात वेगळी. कचेरीवाल्याने त्या यंत्राचा पाठिंबा पुरेपूर वापरला. आबांच्या नातीच्या वाट्याला फक्त बंद झाल्याची ओळ आली.

आमचा भाग मागासलेला म्हणून असं होतं, असंही नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिला गेला. कुणी मनावर घेतलं तर नवं आमच्याकडे सगळ्यात आधी येऊ शकतं. पण ते रोजच्या वाटेने येतं तेव्हा हातोहात झिजत येतं.

शेतात सबमर्सिबल आली तेव्हा पंपात बादली ओतणं संपलं. मोटारच पाण्यात बुडालेली, हवा धरायचा प्रश्नच नाही. सबमर्सिबल नको असं कुणी म्हणालं नाही, मीही म्हणणार नाही. यूईएफआय चांगलं आहे. दोन वाटा कायम सांभाळा असा हट्ट धरायचा तर गाळ काढायला मी जायला हवं, आणि मी गेलेलो नाही. माझी तक्रार त्याहून लहान आहे. ती त्या लुकलुकणाऱ्या रेघेबद्दल आहे.

लिनक्स कर्नलने एकदा एक वाट बंद केली होती, तिची आठवण या वेळी झाली. सरळ फ्लॉपीवरून उठण्याची लिनस यांची १९९१ ची सोय २.६ या आवृत्तीत काढली गेली. ती आवृत्ती डिसेंबर २००३ ची. पण पहिला सेक्टर मोकळा सोडला नाही. त्यात एक छोटा प्रोग्रॅम ठेवला, ज्याचं काम एवढंच की कुणी जुन्या सवयीने फ्लॉपी लावली तर पडद्यावर सांगायचं: थेट फ्लॉपीवरून बूट करणं आता चालत नाही, बूट लोडर वापरा, डिस्क काढा आणि कळ दाबा. वाट बंद झाली, पण ठरल्या जागी, ठरल्या आकारात, ठरलेली खूण घेऊन एक चिठ्ठी थांबली. नव्या पद्धतीने वाटे पाडलेल्या डिस्कवरही तो पहिला सेक्टर राखूनच ठेवलेला असतो. ४४६ बाइटांची जागा तिथे आजही रिकामी मिळते, आणि एका ओळीला तेवढी पुष्कळ होते.

आबांचं काम तसं अडलं नाही. ड्रॉवरमध्ये जुनी आवृत्ती सापडली, ती बायॉसने बिनबोभाट उचलली. सुरक्षा-दुरुस्त्या किती दिवस मिळतील ते त्यांना सांगितलं, नेट जपून वापरायला सांगितलं. संध्याकाळी नात येऊन टायपिंग करून बघून गेली.

रात्री मी तो नवा पेनड्राइव्ह पुन्हा घेतला आणि एक जुनी हौस भागवली. पहिल्या सेक्टरमधले ४४६ बाइट मोकळे होते, त्यांत पाच-सात सूचनांचा प्रोग्रॅम लिहिला: एकेक अक्षर उचल, बायॉसला छापायला सांग, अक्षरं संपली की थांब. त्याच्यापुढे एक ओळ. देवनागरी त्या बिचाऱ्याला येत नाही, म्हणून पोरं मोबाइलवर लिहितात तशी इंग्रजी अक्षरांत मराठी. शेवटच्या दोन बाइटांतली खूण जागेवर आहे ना, ते तपासलं. मग दुरुस्तीला आलेलं दुसरं एक जी-३१ चं यंत्र उघडं होतं, त्याला पेनड्राइव्ह लावून बटण दाबलं.

एक बीप. काळा पडदा. बायॉसने पहिला सेक्टर उचलला, खूण पाहिली, ३१,७४४ ला नेऊन ठेवला आणि बाजूला झाला. वर डाव्या कोपऱ्यात अक्षरं आली:

‘Ha pendrive navya machine cha aahe. Tumcha machine kharab nahi.’